चंद्र नसलेलं कॅथेड्रल

टरबूज घेताना लोक टिचकी मारून बघतात. आमचे शेजारी तसं करत नसत. ते शर्टाच्या खिशातून नादकाटा काढायचे, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तोच, दोन दातांचा. तो गुडघ्यावर आपटायचे, त्याची दांडी टरबुजावर टेकवायचे आणि डोळे मिटून कान खाली न्यायचे. वैनगंगेच्या रेतीत वाडी करणारा तो विक्रेता थोडा वेळ कौतुकाने बघायचा. मग त्याचा धीर सुटायचा.

"साहेब, पिकलं का नाई तेवढं सांगा ना जी. गाणं कायले आयकून राहिले?"

"थांब बे. अजून बोलून राहिलं ते."

एवढं करून घरी आणलेलं टरबूज हमखास पांढरं निघायचं. त्याचा दोष ते नादकाट्याला कधीच देत नसत. "सूर बरोबर होता, बाई. आतून फसवलं त्यानं," असं म्हणून ते पांढरं टरबूज मीठ लावून निमूट खायचे आणि अर्धं आमच्याकडे पाठवायचे.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात, आमच्या फॅक्टरीच्या वसाहतीत, सगळी वर्षं त्यांना कुणी नावाने हाक मारली नाही, तर आता मीच कशाला सुरुवात करू? फॅक्टरीत टूलरूमचे फोरमन, राहायला आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये, एकटे. सगळे त्यांना पेटीसाहेब म्हणायचे आणि 'पेटी' म्हटलं की ते चिडायचे. "पेटी बांगड्यांची असते. ऑर्गन म्हणा, ऑर्गन." मी त्याच वसाहतीतल्या शाळेत मराठी शिकवायचे. शुद्धलेखनाच्या बाबतीत माझी ख्याती अशी होती, की मुलांचे आईवडील मला चिठ्ठी लिहायची झाली तर शेजाऱ्याकडून लिहून आणायचे. हे मी प्रौढी म्हणून सांगत नाही. पुढे माझं नाक कुठे कापलं गेलं ते कळायला हे ठाऊक हवं.

साहेब मूळचे कामठीचे. लहानपणी तिथल्या छावणीतल्या चर्चमध्ये एका म्हाताऱ्या मडमेने त्यांना ऑर्गन शिकवला. जुन्या, चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या चाली, कुठल्या कुठल्या मठांतल्या साधूंनी बांधलेल्या. तरुणपणी हेच साहेब शनिवारी संध्याकाळी रेल्वेच्या क्लबात नाचणाऱ्यांसाठी पियानोवर जॅझ वाजवायचे. शनिवारी क्लब, रविवारी चर्च, बोटं तीच. दोन्हींच्या मध्ये एक भिंत असते आणि ती असायला हवी, हे त्यांना कुणी वेळेवर सांगितलंच नाही.

त्यांचा कान हा आमच्या गल्लीचा जाच होता. कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली की ते अंगणातून ओरडायचे, "पंचम! पंचम!" आमचा कुकर सुरात होता, असं त्यांचं मत. समोरच्यांचा मात्र बेसूर होता आणि त्याचा त्यांना खरोखर त्रास व्हायचा. एका रविवारी ते कानस घेऊन समोरच्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि शिट्टीचं भोक घासून सुरात आणून दिलं. त्यानंतर त्या कुकरमध्ये डाळ शिजेना. समोरच्या काकू रडकुंडीला आल्या, तेव्हा साहेबांनी त्यांना नवी शिट्टी आणून दिली. तीही आधी दुकानात दहा शिट्ट्या फुंकून, निवडून.

जॅझ म्हणजे काय, हे मी शेजारी राहायला आल्यापासूनच्या तीन वर्षांत त्यांना निदान वीस वेळा विचारलं असेल. त्यांना ते सांगता येत नसे. मग ते टूलरूममध्ये शिरायचे.

"हे बघा बाई. ड्रॉइंगवर माप लिहिलेलं असते, बरोबर? पण त्याच्यापुढे अधिक-उणे लिहिलेलं असते. केसभर इकडे, केसभर तिकडे चालते. त्याले टॉलरन्स म्हणतात. त्या केसभर जागेत आम्ही नाचतो. हेच जॅझ."

"म्हणजे चुकलेलं चालतं?"

"चुकलेलं नाही! टॉलरन्समध्ये असलेलं!"

मला एवढंच कळायचं, की मुलांच्या वह्या तपासायला हा माणूस कामाचा नाही.

भंडाऱ्याच्या टोकाला, वैनगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, मिशनचं एक छोटंसं चर्च होतं. लाल कौलं, पुढे चिंचेचं झाड, आत जेमतेम दीडशे माणसं मावतील एवढी जागा. गावातले लोक त्याला गिरजा म्हणायचे. साहेब त्याला कॅथेड्रल म्हणायचे. तिथल्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, त्यांना किती वेळा समजावलं, की जिथे बिशपचं आसन असतं त्यालाच कॅथेड्रल म्हणतात. साहेबांनी ते ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात ते लिलावात घेतलेली, एका बाजूला कललेली, उंच पाठीची खुर्ची सायकलच्या कॅरिअरवर बांधून घेऊन आले आणि वेदीच्या डाव्या हाताला ठेवली.

"हे झालं आसन. आता बिशप येत नाहीत, हा त्यांचा प्रश्न आहे."

खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याखाली त्यांनी जुन्या प्रार्थनापुस्तकाचा पुठ्ठा सरकवला. पाळकसाहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी खुर्ची ठेवू दिली.

त्या चर्चमध्ये ऑर्गन होता. पायाने भाता मारायचा, जुन्या संगीत नाटकांत असायचा त्या जातीचा, पण अंगाने दुप्पट. साहेबांनी बदली होऊन आल्यावर पहिल्यांदा उघडला, तेव्हा आत उंदरांची तिसरी पिढी नांदत होती. सहा वर्षं दर रविवारी ते तो दुरुस्त करत होते. पितळी पट्ट्या टूलरूममधल्या नजरेने घासल्या, लाकडाला जवसाचं तेल पाजलं. भात्याच्या चामड्याला जिथे जिथे चिरा होत्या, तिथे सायकलच्या ट्यूबचे तुकडे सोल्युशन लावून चिकटवले. कुणी त्यांना लग्न का केलं नाही असं विचारलं, तर ते भात्याकडे बोट दाखवायचे. "इतकी पंक्चर कोण काढून देईल?" यात लग्न कुठे आलं, हे विचारायचं कुणाला सुचायचं नाही.

आणि मग वरून पत्र आलं. चर्चच्या मोठ्या मंडळींनी ठरवलं होतं, की इथे तीस कुटुंबं, त्यांना टाळ-मृदंगावर गाणी गायची सवय, ऑर्गन वाजवणारा एकच आणि तोही उद्या बदलीवर जाणारा. वस्तू वापरात नाही. तेव्हा ती एका मोठ्या शहरातल्या चर्चला देऊन टाकावी. पाळकसाहेबांनी कशीबशी एका वर्षाची मुदत मागून घेतली. वर्षाअखेर बिशपसाहेब स्वतः येतील. ऑर्गन खरोखर लोकांच्या उपयोगाचा आहे असं दिसलं तर राहील, नाहीतर ट्रकमध्ये चढेल.

ते पत्र वाचल्यावर दोन दिवस आमच्या कुकरची शिट्टी झाली तरी अंगणातून आवाज आला नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

तिसऱ्या दिवशी ते आले ते कार्यक्रम ठरवूनच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, कॅथेड्रलमध्ये संगीत. जुन्या साधूंच्या चाली आणि जॅझ, एकत्र. ऑर्गन ते स्वतः वाजवणार. आणि जॅझ?

"माणूस सापडला आहे," ते म्हणाले.

माणूस कसा सापडला, ते मला दुसऱ्यांकडून कळलं. भंडाऱ्याच्या बाजारात एक वरात चालली होती. बँडपार्टीतल्या क्लॅरनेटवाल्या मास्तरांनी एका सिनेमाच्या गाण्यात मध्येच अशी काही गिरकी घेतली, की सायकलवरून चाललेले साहेब उतरले आणि थेट नवरदेवाच्या घोड्यापुढे जाऊन उभे राहिले. वरात थांबली. घोडा बिचकला. नवरदेवाचे काका धावून आले.

"काहून बे, घोडा काहून अडवला?"

"घोड्याचं काही काम नाही," साहेब म्हणाले. "मास्तर, ते आत्ताचं पुन्हा वाजवा."

मास्तरांनी दोनदा वाजवलं. मुहूर्त टळता टळता वाचला. पण बँडमास्तरांना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी 'पुन्हा' म्हटलं होतं. त्यांनी साहेबांना शब्द दिला आणि शेवटपर्यंत पाळला. चर्चमध्ये ते लाल कोट, सोनेरी दोऱ्या आणि तुरा लावलेली टोपी घालूनच यायचे. साधे कपडे घातले तर फुंक बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिल्या कार्यक्रमाला नऊ माणसं आली. त्यात मी, पाळकसाहेब, त्यांच्या घरचे चार आणि पावसापासून वाचायला शिरलेले तीन सायकलवाले. दुसऱ्याला सात. सायकलवाले आले नाहीत, कारण पाऊस नव्हता, आणि एक माणूस चुकून आला होता. साहेब मात्र भरल्या सभागृहाला वाकावं तसे वाकले. परत येताना फॅक्टरीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले होते. नदीपलीकडच्या कारध्याला जाणाऱ्या पुलाकडे बघून एकदम म्हणाले, "बाई, तो ऑर्गन गेला ना, तर मी रविवारी काय करू?" त्या माणसाला मी पहिल्यांदाच घाबरलेलं बघितलं.

म्हणून मी फलकाची कल्पना काढली. रस्त्यावर, पुलाकडून येणाऱ्यांना दिसेल असा मोठा फलक. मजकूर मी स्वतः लिहून दिला, सुवाच्य अक्षरात: 'कॅथेड्रलमध्ये संगीत. दर महिन्याचा पहिला रविवार, सायंकाळी पाच. सर्वांना आमंत्रण.' भंडाऱ्यातला एक पेंटर होता, दुकानांच्या पाट्या रंगवणारा, अतिशय सज्जन माणूस. त्याने पाटी रंगवून परस्पर टांगली.

मी ती पाहिली ती तिसऱ्या कार्यक्रमाच्या दिवशीच. 'कॅ'वरचा चंद्रच नव्हता. 'कथेड्रलमध्ये संगीत'. बरं, फळी अरुंद म्हणून पेंटरने 'कथे' हे हातभर मोठं काढलं होतं आणि उरलेलं 'ड्रलमध्ये' खाली बारीक अक्षरांत दाटीवाटीने बसवलं होतं. त्याखाली पुन्हा मोठ्याने 'संगीत'. पुलावरून दिसायचं ते एवढंच: कथे, संगीत.

मी तशीच पेंटरकडे गेले. "अहो, 'क'वरचा चंद्र कुठे गेला?"

तो ब्रश पुसत हळू आवाजात म्हणाला, "मी मुद्दामच नाई काढला बाई. गिरजावर चांद कसा चालन? चांद तं मशिदीवर रायते. उद्या कोणी बोट दाखवलं, भांडण लागलं, तं तुमच्यावर येईन. म्हून म्या काढूनच टाकला."

गावातली शांतता राखण्यासाठी ज्याने माझं शुद्धलेखन बळी दिलं, त्याच्यावर रागवायचं तरी कसं? मी परत आले, आणि चर्चच्या दारात चपलांचा ढीग दिसला.

कारध्याहून माणसं आली होती. पुलावरून चालत, पन्नास-साठ तरी असतील. नदीवर मासे धरणाऱ्यांची घरं, धानाची शेती करणारे, म्हाताऱ्या, सुना, मांडीवरची पोरं. चपला बाहेर काढल्या होत्या. बाकं होती, पण बाकांवर कुणी बसलं नव्हतं. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, सगळे खाली फरशीवर. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हळदीकुंकवाचं ताट. सगळ्यांच्या पुढे पार्बताबाई बसली होती. ही कारध्याची, सकाळी भंडाऱ्याच्या बाजारात मासे विकायची, आणि तिचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. लाल कोटातले बँडमास्तर आत आले तशी ती माझ्याकडे वळली.

"काहो बाई, कथेच्या आंधी लगन आहे का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सगळी माणसं संगीत कथा ऐकायला आली होती.

साहेबांनी वळून पाहिलं. चर्च भरलेलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहिल्यावर तोंड उघडायची माझी हिंमतच झाली नाही. ते ऑर्गनवर बसले. आधी ती जुनी, संथ, एकाच जागी रेंगाळणारी चाल सुरू झाली. मग तिच्यातून मास्तरांचं क्लॅरनेट निघालं ते पार छपरापर्यंत गेलं. कारध्याची माणसं हात जोडून ऐकत होती. तासभर सगळं चाललं. साहेब उठून वाकले. कुणीही उठलं नाही.

पार्बताबाई माझ्या कानाशी लागली. "वाजंत्री लय झाली. आता कथा कवा लागते?"

आणि मी, जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवणारी बाई, म्हणाले, "आज नुसती वाजंत्री. कथा पुढच्या खेपी."

तिने मान डोलावली. "असन. कथा मोठीच असन मंग." सगळ्यांना तसं सांगून ती त्यांना घेऊन गेली. नारळ ऑर्गनपुढे फोडायचा का, यावर थोडी चर्चा झाली, पण पाळकसाहेबांनी तो चिंचेखाली फोडायला लावला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं.

पुढच्या महिन्यात नव्वद माणसं आली. त्याच्या पुढच्या महिन्यात जागा पुरली नाही. कारध्याच्या बायांनी प्रसादाला लाह्या-फुटाणे आणायला सुरुवात केली. पाळकसाहेबांनी नोंदवहीत त्याला 'अल्पोपाहार' म्हटलं. आणि दर महिन्याला पार्बताबाई मला विचारायची, "आज लागते का?" आणि दर महिन्याला मी म्हणायचे, "पुढच्या खेपी." खोटं एकदा बोललं की त्याला दर महिन्याला खाऊ घालावं लागतं, हे मला त्या वर्षी कळलं.

साहेब तरंगत होते. "बाई, तुम्ही म्हणत होते ना, कोणाले कळणार नाही? बघा. आमच्या कामठीच्या क्लबात इतके चूप लोक कधी पाहिले नाहीत मी." मी वह्यांमध्ये तोंड खुपसायचे. त्यांना खरं सांगावं, असं रोज वाटायचं. पण सांगितलं तर हा माणूस पुन्हा त्या बसच्या खिडकीतून बाहेर बघत बसेल, याची भीती खऱ्यापेक्षा मोठी होती.

बिशपसाहेब यायच्या आधीच्या महिन्यात घात झाला. ऐन रंगात, क्लॅरनेट कुठल्या कुठे गेलेलं असताना, भात्यावरचा एक ट्यूबचा तुकडा निघाला. ऑर्गनने म्हशीसारखा एक सुस्कारा टाकला आणि तो बंद पडला. मास्तर एकटेच वर राहिले, दोन-चार सूर चाचपले आणि थांबले. मुलं हसली. कार्यक्रम तिथेच संपला. पार्बताबाईने त्या दिवशी 'कथा कवा लागते' असं विचारलं नाही. लाह्याही न वाटता ती निघून गेली. झालं, संपलं, असं मला वाटलं.

महिनाभर साहेबांनी भात्यावर काम केलं. पंक्चर काढणाऱ्यालाच एक दिवस घेऊन गेले. आणि तो रविवार उजाडला.

बिशपसाहेब उंच, पांढऱ्या झग्यातले, गळ्यात मोठा क्रूस. त्यांच्याबरोबर एक वही घेतलेले गृहस्थ. बिशपसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि साहजिकच त्या उंच पाठीच्या खुर्चीत जाऊन बसले. खुर्ची कलली, पण पडली नाही. साहेबांनी पाळकसाहेबांकडे असं पाहिलं, की आता बोला, हे कॅथेड्रल आहे की नाही.

पार्बताबाई दारात आली आणि थबकली. पांढरा झगा, आसन, गळ्यात काहीतरी चमकणारं. "महाराज आले वो!" ती मागच्यांना म्हणाली. "आज लागते कथा!" आणि सगळ्या बाया ओळीने पुढे जाऊन बिशपसाहेबांच्या पाया पडल्या. बिशपसाहेब आपल्याच मराठी मुलुखातले होते. गोंधळले, पण प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवत राहिले.

त्या दिवशी साहेबांनी एक छोटीशी चाल तेवढी वाजवली. मग बिशपसाहेब उठले आणि म्हणाले, "वादन उत्तम आहे. पण मला या लोकांकडून ऐकायचं आहे. आई, तुम्ही कुठून येता?"

"कारध्याहून जी," पार्बताबाई उभी राहिली.

"चालत? दर महिन्याला? कशासाठी?"

"कथेसाठी."

वहीवाले गृहस्थ लिहायचे थांबले. साहेब ऑर्गनवर पाठमोरे बसले होते, त्यांची मान हळूच वळली.

"कथा?" बिशपसाहेब म्हणाले. "इथे तर नुसतं संगीत असतं."

"मलेही तसंच वाटलं जी पयल्यांदा. बाईले इचारलं, तं बाई म्हणे कथा पुढच्या खेपी. पुढच्या खेपी आलो, तं पुन्हा वाजंत्रीच. मंग मी इचार केला. बाई शाळेतली आहे, खोटं कायले बोलन? आपल्यालेच आयकू नसन येत. तवापासून ध्यान देऊन आयकलं. तं कथा तं पयल्या दिवसापासूनच चालू होती!"

"कुणाची कथा?"

"मायलेकाची. ही पेटी आहे ना, हे माय. हे आपल्या जागची हालत नाई. एकच गोष्ट धरून बसते. अन् हे पिपाणी म्हंजे पोट्टा. आंधी मायजवळ बसते, मायसारखंच बोलते. मंग त्याले पाय फुटते. जाऊन राहिला, जाऊन राहिला, पार दूर. काय काय करते थो, हासते, भांडते, मस्ती करते. माय काहीच म्हणत नाई. आपलं तेच बोलत रायते, की पोट्ट्याले रस्ता आयकू आला पायजे. अन् मंग थो घरी येते." तिने पदर सारखा केला. तिचा स्वतःचा मुलगा भिलईला कामाला गेला होता आणि दोन वर्षांत त्याची चिठ्ठी नव्हती. हे कारध्यात सगळ्यांना माहीत होतं, मला बाजारातून कळलेलं. "दर खेपी येते जी. पण मागच्या खेपी पेटी बिघडली, अन् पोट्टा तिकडेच राहिला. महिना झाला, माह्या जिवाले चैन नाई. थे कथा पुरी करा, अन् मंग काय लिहाचं थे लिहा."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, तो न वापरताच परत ठेवला. मग त्यांनी मास्तरांकडे पाहून फक्त मान हलवली.

ऑर्गन सुरू झाला, मागच्या महिन्यात जिथे सुस्कारा टाकला होता बरोबर तिथून. मास्तरांनी डोळे मिटले आणि ते थेट त्या दूरच्या जागेवरूनच निघाले. त्या दिवशी मास्तरांनी काही घाई केली नाही. दोनदा असं वाटलं की आले, आणि दोनदा ते वळून पुन्हा बाहेर गेले. पार्बताबाई उभीच होती, पदराचं टोक मुठीत धरून. शेवटी क्लॅरनेट खाली खाली उतरत गेलं आणि ऑर्गनच्या त्या एका सुरात इतकं अलगद मिसळलं, की दोन आवाज कुठे एक झाले ते मला कळलं नाही. तीन वर्षांत मला जॅझ कळलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. मी खुशाल रडत होते.

साहेबांनी तो सूर भाता रिकामा होईपर्यंत धरला.

"आला," पार्बताबाई म्हणाली आणि खाली बसली.

बिशपसाहेबांनी पार्बताबाईकडे पाहून मान डोलावली. मग म्हणाले, "आमच्या बायबलातही घरी परत आलेल्या लेकाची एक अशी कथा आहे. तिथे बाप आहे, एवढाच फरक." आणि वहीवाल्यांकडे वळून, "लिहा. वस्तू वापरात आहे."

लाह्या-फुटाण्यांचा प्रसाद त्या दिवशी बिशपसाहेबांनी स्वतःच्या हाताने वाटला.

सगळे गेल्यावर साहेब नि मी फॅक्टरीच्या बसची वाट बघत रस्त्यावर उभे होतो, नेमके त्या फलकाखाली. मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. चंद्र, पेंटर, मशीद, माझं दर महिन्याचं खोटं. पहिल्या दिवशी ही माणसं तुमच्या संगीताला आलीच नव्हती साहेब, म्हटलं, चुकून आली होती. चूक माझी होती. उद्याच पेंटरला सांगून दुरुस्त करून घेते.

साहेबांनी मान वर केली. चंद्र नसलेला तो 'क' त्यांनी डोळे बारीक करून, टूलरूममध्ये एखादा सुटा भाग उजेडात धरून बघावा तसा, दोन्ही बाजूंनी पाहिला. मग खिशातला नादकाटा काढून फळीच्या कडेवर आपटला आणि कानाशी नेला.

"राहू द्या बाई," ते म्हणाले. "टॉलरन्समध्ये आहे."